ती उसण नव्हती

पाठीत दोन खांद्यांच्या मधोमध अचानक काहीतरी फाटल्यासारखं दुखलं, तर पाठ चोळत बसू नका. शेक नको, बाम नको आणि कोणाचा पायही नको. तडक दवाखान्यात जा आणि बीपी मोजायला सांगा. एका हाताचं नाही, दोन्ही हातांचं. एवढं वाचून पुढचं सोडून दिलंत तरी माझं लिहिणं कामी आलं असं समजेन.

मी हिंगण्याच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर आहे. वय एकोणपन्नास. घर तांडापेठेत. बाबा विणकर होते, पण त्यांच्यानंतर माग कोणी चालवला नाही. माझी लिहायची सवय म्हणजे शिफ्टच्या रजिस्टरपुरती. तरी बसलो आहे लिहायला, कारण हृदयातून निघणारी शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी माझ्या छातीत फाटली होती आणि ऑपरेशन होऊन मी घरी आलो आहे. मी वाचलो हे तर उघडच आहे. माझी धाकटी बहीण कुंदा वाचेल का, हे अजून ठरायचं आहे. त्यात महिना-दीड महिना वाया गेला तो माझ्या जिभेमुळे. ते लपवून लिहायचं असेल तर लिहूच नये माणसानं.

रविवार

उन्हाळ्याचे दिवस. कुंदा मौद्याहून दोन दिवसांसाठी माहेरी आली होती. सकाळी दहाच्या सुमारास कूलरमध्ये पाणी टाकायला मी बादली उचलली आणि पाठीत फाटलं. दुखलं म्हणत नाही मी, फाटलं. जुनं धोतर दोन्ही हातांनी टरकवावं तसं. बादली कुठे गेली, पाणी कुठे गेलं, काही कळलं नाही. मी फरशीवर पालथा पडून घामानं थबथबलो होतो.

बायको मंगला धावत आली. "काय झालं वं माय! काय झालं?"

"उसण भरली," मी म्हटलं. आमच्याकडे पाठ धरली की उसणच भरते. दुसरं काही होऊ शकतं हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

आणि उसणीवर आमच्याकडे एकच इलाज. पायाळू माणसाचा पाय. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्यानं दुखऱ्या पाठीला तीनदा पाय लावला की उसण उतरते, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. कुंदा पायाळू. लहानपणी ढग गडगडले की आई तिला ओढून घरात घ्यायची, कारण पायाळूवर वीज पडते म्हणतात.

"कुंदे, जरा पाय लाव वं," मी म्हणालो.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिथूनच म्हणाली, "मी नाई लावत गा दादा. तुले माहीत आहे."

मला माहीत होतं. ती सात वर्षांची असताना तिनं शेवटचा पाय लावला होता, बाबांच्या पाठीला. बाबा त्याच दिवशी गेले. त्यानंतर गल्लीतले लोक उसण घेऊन आले की ती पलंगाखाली जाऊन लपायची. पुढे पुढे लोक यायचे बंद झाले. हे सगळं माहीत असूनही मी ओरडलो, "मंग मरू दे मले इथंच! बघत उभी राहा!"

ती आली. रडत रडत तीनदा पाय लावला. लाथ कसली, मंगलाच्या बोटांचाही भार जास्त पडला असता.

आणि नवल म्हणजे उतरलं की हो! दुखणं पाठीतून सरकत सरकत कमरेत आलं. मी खूश. "उतरली वं कुंदे, उतरून राहिली!" म्हणून चहा मागितला. आत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. धमनीचं अस्तर वरून खाली उसवत चाललं होतं आणि त्याच्याबरोबर दुखणं खाली येत होतं.

दिवसभर मी पडून राहिलो. संध्याकाळी डाव्या पायाला मुंग्या आल्या. कुंदानं सकाळपासून घास घेतला नव्हता. ती माझ्या उशाशी बसून म्हणाली, "दादा, दवाखान्यात चाल ना गा."

"उसणीसाठी कोनी दवाखान्यात जाते का?" मी तिच्यावरच खेकसलो.

दोन हात

सोमवारी मी कंपनीच्या बसमध्ये बसून कामावर गेलो. लोक आजही मला विचारतात, काहून गेला? काय सांगू! रात्रभर झोप नाही, पाय जड, तरी सुट्टी घ्यायची तर उसणीसाठी कशी घ्यायची, एवढाच विचार डोक्यात होता. बसमध्ये शेजारचा म्हणाला, चेहरा पांढरा पडला आहे. मी म्हटलं, ऊन लागलं असेल.

दहा वाजता मशिनजवळ डोळ्यांपुढे अंधारी आली. पोरांनी धरून कंपनीच्या प्रथमोपचार खोलीत नेलं. तिथे एक वयस्क सिस्टर असते, आमच्यात तिला सगळे घाबरतात, कारण ती खोटी पोटदुखी लगेच ओळखते. तिनं डाव्या हाताचं बीपी घेतलं. एकशे पाच. मशीन बिघडलं म्हणून थापट्या मारल्या. उजव्या हाताचं घेतलं. एकशे नव्वद. मग परत डावा, परत उजवा. तिचा चेहरा बदलला.

"दोन हातांत दोन मानसं घेऊन फिरता काय?" ती म्हणाली. पण हसली नाही. मी उठायला लागलो तर छातीवर हात ठेवून तिनं मला परत झोपवलं. "हलायचं नाई. बोलायचं पन नाई."

"मोटरसायकल कोनाची घेऊन जातो मी रामदासपेठेत," मी म्हटलं, "तिथं आहे एक डॉक्टर..."

"गप!"

मी आज हे लिहितो आहे ते त्या बाईमुळे. दुसरी कोणी असती तर एका हाताचं बीपी घेऊन लिंबू सरबत पाजलं असतं आणि मला मशिनवर परत पाठवलं असतं.

निदान

सिस्टरनं अँब्युलन्स बोलावून मला रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात धाडलं आणि घरी फोन केला. तिथे मला सरळ सीटी स्कॅनच्या यंत्रात घातलं. शिरेतून औषध सोडलं तेव्हा अंगभर गरम वाफ गेली आणि चादर ओली झाली असं वाटून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. झाली नव्हती. सगळ्यांना तसंच वाटतं म्हणे. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगून ठेवतो.

बाहेर आलो तेव्हा मंगला आणि कुंदा ऑटोनं येऊन पोचल्या होत्या. सर्जन आले. बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर. त्यांच्यामागे चार जण पळत होते. ज्या दवाखान्यात डॉक्टर चालत येतो तिथे वेळ असतो. इथे सगळे पळत होते, तेव्हाच मी समजलो.

"मुख्य धमनीचं आतलं अस्तर फाटलंय," ते म्हणाले. "आत्ता फक्त बाहेरच्या पातळ थरावर रक्त अडलंय. तो थर गेला तर काही मिनिटांचा खेळ. लगेच ऑपरेशन. कधीपासून दुखतंय?"

"काल सकाळपासून."

"काल? आणि केलं काय इतका वेळ?"

आता ऐका, मी काय केलं. मरण असं चष्मा कपाळावर घेऊन समोर उभं राहिलं की माणसाला कोणाच्या तरी अंगावर ते ढकलून द्यावंसं वाटतं. मी कुंदाकडे बोट दाखवलं. "हिनं लाथ मारली पाठीत, डॉक्टर. त्याच्यानंतरच ते खाली पसरलं."

सर्जन स्क्रीनकडे बघत होते. त्यांनी ऐकलंही नसेल. पुढचा प्रश्न आला, "घरात अचानक कोणी गेलंय? वडील?"

"वडील. हार्ट अटॅकनं." तेही मी चुकीचंच सांगितलं. बाबांना काय झालं होतं हे कधी कोणी तपासलंच नव्हतं.

कुंदा दोन पावलं मागे सरकली. मंगलाकडून सही घेत होते, टेबलावरच माणूस जाऊ शकतो हे तिला समजावत होते, ती "हाव, हाव" म्हणत होती आणि तिचं पेन चालत नव्हतं. त्या गडबडीत मी मान वळवली तेव्हा कुंदा जिथे होती तिथे नव्हती.

मला आत नेताना दिसलेलं शेवटचं माणूस म्हणजे मंगला. ती म्हणाली, "काय बोलले तुम्ही हे? काय बोलले?" दार बंद झालं.

आत

ऑपरेशनचं मला काही माहीत नाही. अंग थंड केलं, हृदय थांबवलं, काम मशीनकडे दिलं, छातीचं हाड कापलं, असं नंतर सांगितलं. आठ तास.

आयसीयूचं मात्र सगळं आठवतं, जे नसतं आठवलं तर बरं होतं. घशात नळी. बोलता येत नाही. दिवस आहे की रात्र हे कळत नाही. कुठलं तरी यंत्र एका तालात खटखट करायचं आणि मला वाटायचं, पलीकडे बाबा मागावर बसले आहेत. मी त्यांना उठू नका म्हणून सांगायचा प्रयत्न करायचो. उठले की पाठ धरतील. नळी खेचली म्हणून माझे हात पलंगाला बांधले होते. शेजारच्या पलंगावरच्या माणसाचा एक दिवस पडदा ओढला आणि नंतर पलंग धुतला.

नळी काढल्यावर एक पोरगी यायची, फिजिओथेरपिस्ट. छातीशी उशी घट्ट धरून खोकायला लावायची. खोकताना छाती दोन फाकांत उघडते आहे असं वाटायचं. "काका, अजून एकदा." त्या पोरीला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या आहेत! पण ती रोज माझ्या पायांना तेल लावून जायची, ते तिचं काम नव्हतं.

मंगला दिवसातून दोनदा पाच मिनिटं यायची. मी विचारायचो, "कुंदा?" ती म्हणायची, "झोपा." एकदा म्हणाली, "जीभ तुमची होती. आता निस्तरा तुमीच." आणि माझी उशी सरळ करून निघून गेली. तिचा राग मला औषधासारखा लागू पडला. जो माणूस मरणार आहे त्याच्यावर कोणी असं रागावत नाही.

सर्जनचा प्रश्न

वॉर्डात आणल्यावर सर्जन पलंगाच्या कडेला बसले. फाटलेला भाग कापून तिथे पॉलिएस्टरची विणलेली नळी बसवली आहे म्हणाले. मी विणकराचा मुलगा, विचारलं, ताणा-बाणा असतो का तिला? असतो म्हणाले. खालचा भाग मात्र अजून उसवलेलाच आहे. तो बीपीच्या गोळ्यांवर सांभाळायचा. गोळी चुकली, बीपी चढलं, तर पुन्हा तेच. म्हणजे मी बरा झालो आहे असं म्हणता येत नाही, माझं टळलं आहे.

मग मी धीर करून विचारलं, "बहिणीनं पाय लावला नसता तर?"

"पायानं काही झालं नाही हो. फाटली ती बादली उचललीत तेव्हाच. पायाच्या आधी. तुमची धमनीची भिंतच पातळ होती. असं एखाद्या घराण्यात असतं." त्यांनी माझी फाइल उघडली. "वडील नक्की कशानं गेले?"

मी सांगितलं. बाबा एक्केचाळीस वर्षांचे. विणताना पाय सोडायच्या मागाच्या खड्ड्यातून उठले आणि पाठ धरून खाली बसले. मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावानं, कुंदाला अंगणातून उचलून आणलं आणि पाय लावायला लावला. बाबा म्हणाले, उतरली. चहा प्यायले. दिवेलागणीला गेले. मोठेबाबा म्हणाले, पोरीनं जोरात मारली असंल. एकदाच म्हणाले, पण ती तिथेच उभी होती.

सर्जननी चष्मा काढला. "किती भावंडं तुम्ही?"

"एक बहीण."

"वय?"

"चव्वेचाळीस."

"तिला आणा. याच आठवड्यात आणा. तिचा स्कॅन करायचा आहे. दुखायची वाट बघू नका, दुखेल तेव्हा उशीर झालेला असेल."



मौदा

कुंदा आली नाही. फोन उचलायची, "बरा आहे ना? गोळ्या घे," म्हणायची आणि ठेवायची. मी फोनवर माफी मागितली, ती म्हणाली, "ठीक आहे गा." तपासणीचं काढलं की मागे गॅसवर दूध उतू जायचं. मंगलानं समजावलं. कुंदाच्या नवऱ्यानं, तिथल्या वीज केंद्रात कामाला आहेत ते, त्यांनी हात टेकले. मी रोज सकाळी उठलो की आधी फोन बघायचो. बाथरूममध्ये असताना वाजला तर ओल्या अंगानं बाहेर यायचो. वाटायचं, आली बातमी.

सहाव्या आठवड्यात मी भाड्याची गाडी केली, छातीशी उशी धरली आणि मौद्याला गेलो. ती गच्चीवरून कुरडयांची टोपली घेऊन उतरत होती.

"तू कायले आला गा एवढ्या उन्हात? टाके भरले का तुझे?"

"भरले. तू तपासनी कराले काहून येत नाई?"

"काही निघालं तं निघालं. मी मराले भेत नाई."

"मंग?"

तिनं टोपली खाली ठेवली. "नाई निघालं तं?"

"नाई निघालं तं चांगलंच ना वं!"

"कायचं चांगलं? मंग घरान्यात नाई ना ते. मंग बाबाले कोनं मारलं?"

महिनाभर आम्ही सगळे समजत होतो की ही वाईट रिपोर्टला घाबरते आहे. ही चांगल्या रिपोर्टला घाबरत होती.

"अवं, तसं नसते. एकाले असते, एकाले नसते. डॉक्टर बोलले."

"डॉक्टर तुझ्यासमोर बोलले. मोठेबाबा माझ्यासमोर बोलले. मी सात वर्साची होती, तू बारा वर्साचा. तिथंच उभा होता ना तू? तवा तू तोंड उघडलं नाई. अन् आता उघडलं तं तेच बोलला."

मी हात जोडले. रडलो. "मले भेव वाटलं कुंदे, म्हनून तुझ्यावर ढकललं. मी भेकड आहे." ती ऐकत होती, पण बधत नव्हती. कुरडया डब्यात भरत होती, एकेक, मोडू न देता.

शेवटी मी माझा मूळ स्वभाव काढला. खिशातून गोळ्यांची डबी काढली आणि तिच्यासमोर ओट्यावर ठेवली. "एक वाजताची गोळी आहे बीपीची. तू गाडीत बसली की घेतो. नाई बसली तं नाई घेत."

"चावटपना करू नको."

"नाई घेत."

एक वाजून गेला. सव्वा झाला. माझी कानशिलं ठणकायला लागली, खरंच की भीतीनं देव जाणे. ती घड्याळाकडे बघायची, माझ्याकडे बघायची. दीडला तिनं डबा धाडकन आपटला. "मेल्या, जीवच घेशीन तू माझा!" आणि चपला घातल्या.

म्हणजे दुसऱ्यांदा मी तिला माझ्या मरणाची धमकी देऊन कामाला लावलं. त्याची मला लाज वाटते. पण दुसरा उपाय माझ्याजवळ नव्हता आणि आजही नाही.

परतताना ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी देवाचं नाव घेतलं आणि माझं घोडं तिथेच अडलं. मागायचं काय? रिपोर्ट चांगला येऊ दे म्हणू, तर ती उरलेला जन्म बापाला मारल्याचं ओझं घेऊन जगेल. वाईट येऊ दे म्हणू, तर कोणता भाऊ असं मागतो? मी नुसतं नाव घेत राहिलो.

रिपोर्ट

दुसऱ्या दिवशी स्कॅन झाला. संध्याकाळी चारला सर्जननी आम्हाला आत बोलावलं. स्क्रीन आमच्याकडे वळवली.

"फुगली आहे," ते म्हणाले. "तुमच्या भावाच्या जागीच. फाटलेली नाही अजून. पण भिंत बरीच ताणली आहे. थांबता येणार नाही, ऑपरेशन करावं लागेल."

मी खुर्चीचा हात धरला. मंगलानं तोंडाला पदर लावला. कुंदा पुढे वाकून स्क्रीनकडे बघत होती.

"डॉक्टरसाहेब, हे माझ्यात किती दिवसांपासून असंल?"

"सांगता येत नाही. भिंत जन्मापासूनच तशी असणार."

"माझ्या दादाले बी जन्मापासून?"

"हो."

"अन् आमच्या बाबाले?"

सर्जननी स्क्रीन बाजूला सारली. त्यांना मी सगळं सांगितलेलं होतं. "तुमच्या वडिलांचा स्कॅन कधी झाला नाही, म्हणून शंभर टक्के कोणी सांगणार नाही. पण दोन्ही मुलांची धमनी एकाच जागी अशी असेल, आणि ते तसे गेले असतील, तर मला शंका नाही. पाठ धरून खाली बसले तेव्हाच त्यांची फाटली होती. तुम्ही अंगणात होता."

कुंदानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. मंगला तिला धरायला उठली, आम्हाला वाटलं ती रडते आहे. तिनं हात काढले तेव्हा ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. सर्जन ऑपरेशनमधले धोके सांगायला लागले, लकवा होऊ शकतो, किडनी जाऊ शकते, टेबलावर काही होऊ शकतं, तशी ती "हाव जी, हाव जी" म्हणत मान हलवत राहिली. मला त्यातलं प्रत्येक अक्षर माझ्या अंगावरून माहीत होतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "दादा, भूक लागली गा मले." चौकातल्या ठेल्यावर तिनं दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले. मला तर्रीचा तिखट-तेलकट रस्सा चालत नाही, मी तिच्याकडे बघत बसलो.

परवा सकाळी आठ वाजता तिला आत घेणार आहेत. मंगलाचा उपास सुरू आहे. कुंदाचा नवरा एका जागी बसत नाही. मला दर तासाला बीपी बघावंसं वाटतं. आणि ती पलीकडच्या खोलीत केव्हाची गाढ झोपली आहे.